डोक्यावर काही असू नये

"पर पागनीसजी, कारड पे इन्फॉर्मल लिखा है. फिर पजामा क्यों नी चलेगा?"

चंपालाल शेठ दोन्ही कोपरं टेबलावर टेकून, अच्युतराव पागनिसांच्या तोंडाशी तोंड आणून विचारत होते. बोलता बोलता पानाचा एक लाल थेंब कार्डाच्या सोनेरी कडेवर पडला. अच्युतरावांनी थेंबाकडे पाहिलं, शेठजींच्या ओठांकडे पाहिलं आणि खुर्ची वीतभर मागे सरकवली.

"इन्फॉर्मल म्हणजे लाउंज सूट," ते म्हणाले. "कोट, पँट, टाय. कोट-पँट एकाच कापडाची."

"अने फॉर्मल?"

"त्यात मागे शेपटीचा कोट असतो. तुम्हाला त्याची गरज पडायची नाही."

शेठजी हसले. त्यांना टोमणा कळला नाही, किंवा कळूनही त्यांनी तो पानाबरोबर चघळून टाकला. कापसाच्या दलालीत असले टोमणे ते दिवसाला दहा गिळत असतील. "सूट तो नी है म्हारे पास. देख लेंगे, तोपखाने में कोई बैंडवाले से ले लेंगे," असं म्हणत ते उठले, आणि जाताना कार्ड धोतराच्या सोग्याने पुसत गेले. अच्युतरावांनी टेबल पुसलं, आपले हात पुसले, आणि तरी त्यांना दिवसभर हाताला काहीतरी चिकटल्यासारखं वाटत राहिलं.

माणसाला किती गोष्टींची किळस यावी याला काही सुमार असतो. अच्युतरावांचा सुमार मध्यभारत हे नवं राज्य झाल्या दिवसापासून सुटला होता. त्याआधी, संस्थान होतं तेव्हा, ते दरबारच्या आमंत्रणांच्या टेबलावर होते. बावीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. कार्डाच्या उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात पोशाखाची एक ओळ असते, ती लिहिणं. सगळं आमंत्रण एकीकडे आणि ती ओळ एकीकडे. मॉर्निंग कोट कधी, डिनर जॅकेट कधी, ब्लॅक टाय कुठल्या जेवणाला, डेकोरेशन्स म्हणजे पदकं छातीवर लावून कधी यायचं, हे इंदुरात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांचा वरचा साहेब, गोरा कंट्रोलर, विलायतेला परत जाताना आपली निळ्या पुठ्ठ्याची वही त्यांना देऊन गेला होता. ती वही त्यांना तोंडपाठ होती. त्यातला एकही कपडा त्यांनी जन्मात अंगाला लावला नव्हता, ही गोष्ट निराळी. ते स्वतः धोतर, काळा बंद गळ्याचा कोट आणि काळी टोपी घालत, आणि तेवढ्यात त्यांचं समाधान होतं.

आता दरबार गेला. सचिवालय आलं, आणि तेसुद्धा कसलं, तर सहा महिने इंदूरला आणि सहा महिने ग्वाल्हेरला. फायली, टेबलं, चपराशी, सगळं वर्षातून दोनदा आगगाडीत बसायचं. जुन्या संस्थानी नोकरांची छाटणी चालली होती. कोण कायम इंदूरला, कोण ग्वाल्हेरला, कोण घरी, याची यादी उपसचिव माथुर साहेबांच्या खणात होती. अच्युतरावांच्या पत्नीला, पद्मजाबाईंना, दमा होता. ग्वाल्हेरच्या एका थंडीत ती बाई संपेल, असं वैद्यांनी साफ सांगितलं होतं. तेव्हा अच्युतरावांना त्या यादीत आपलं नाव इंदूरच्या रकान्यात हवं होतं, बाकी जगाकडून त्यांना काहीही नको होतं.

आणि त्या खणात ते नाव टिकवायला उपयोगी पडेल असं त्यांच्याजवळ फक्त ते निळं पुठ्ठं होतं.

मागच्या उन्हाळ्यातल्या गार्डन पार्टीने माथुर साहेबांची दिल्लीच्या लोकांपुढे शोभा केली होती. कुणी रेघांचा पायजमा घालून आला. कुणी बँडवाल्याचा भाड्याचा कोट चढवून आला, त्याच्या खांद्यावर सोनेरी झालर तशीच. एकाने सोला हॅट डोक्यावर ठेवूनच चार कचोऱ्या खाल्ल्या. नगरपालिकेचे एक सभासद कारंज्यात हात धुऊन टेबलाच्या चादरीला पुसत होते. अच्युतराव त्या दिवशी झाडाखाली उभे राहून हे पाहत होते. ते रात्री जेवले नाहीत.

यंदा माथुर साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. "पागनीस, आप तो पुराने आदमी हैं. एक पर्चा बना दीजिए. कौन-सा शब्द, कौन-सा कपड़ा. हर कार्ड के साथ जाएगा."

अच्युतरावांनी चार दिवस घेतले. फार वर्षांनी त्यांनी एखादं काम चवीने केलं. लाउंज सूट म्हणजे काय, नॅशनल ड्रेस म्हणजे बंद गळा, इव्हनिंग ड्रेस संध्याकाळी सहाच्या आधी का घालायचा नाही, सगळं त्यांनी इंग्रजीत आणि खाली हिंदीत मुद्देसूद लिहिलं. लिहिताना त्यांना एकेक तोंड आठवत होतं. पायजम्याचं कलम लिहिताना पायजमेवाला, झालरीचं लिहिताना झालरवाला. नववं कलम सोला हॅटवाल्यासाठी होतं. गोऱ्या कंट्रोलरच्या वहीत पहिल्याच पानावर होतं ते त्यांनी उतरवलं: मंडपात शिरताना डोक्यावर काही असू नये, जे असेल ते फाटकावर काढून नंबराचा बिल्ला घ्यावा. आणि त्याखाली, वहीत नसलेली, स्वतःच्या पदरची एक ओळ त्यांनी घातली, की या नियमांत न बसणाऱ्याला आत सोडलं जाणार नाही.

माथुर साहेब वाचून खूश झाले. "बहुत सख़्त है. बहुत अच्छा है," म्हणाले. पर्चा छापायला गेला.

पगडीचा विचार अच्युतरावांच्या मनात आलाच नाही. हे आज कुणाला सांगितलं तर पटायचं नाही, पण खरं आहे. बावीस वर्षं ज्या माणसाने दरबार पाहिला, जिथे उघड्या डोक्याने जाणं म्हणजे बाप मेल्याची वर्दी देणं, त्या माणसाला पगडी ही डोक्यावर ठेवलेली वस्तू वाटतच नव्हती. हॅट डोक्यावर असते. पगडी म्हणजे ते डोकंच. साहेबाची रीत साहेबाच्या वहीतून उतरवताना आपली रीत त्याच कागदाखाली चिरडते आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

ध्यानात आलं ते रविवारी सकाळी, स्नेहलतागंजमधल्या त्यांच्या घरी, रिसालदार उदयसिंह मोहिते आले तेव्हा.

उदयसिंह संस्थानच्या घोडदळातले. वय त्र्याहत्तर. अच्युतरावांचे वडील त्याच रिसाल्यात कारकून होते आणि अच्युत सतरा वर्षांचा असताना तापाने गेले. तेव्हा उदयसिंहांनी त्या पोराला हाताला धरून दरबारच्या कचेरीत नेलं होतं आणि गोऱ्यासमोर त्याच्या हस्ताक्षराचा कागद ठेवला होता. "ह्याचा बाप खोटं लिहायचा नाही. हा पण नाही लिहिणार," एवढीच त्यांची शिफारस. अच्युतरावांच्या सगळ्या नोकरीचं मूळ त्या एका वाक्यात होतं.

"अच्युता, मला कारड आलंय बघ," ते ओसरीवर बसत म्हणाले. डोक्यावर लाल होळकरशाही पगडी, हातात काठी. "जुन्या फौजी लोकांना दिल्लीच्या पाव्हण्यांसमोर पेश करणारेत म्हणे. मी म्हटलं, चला, बरंच झालं. लाईनीचा अर्ज हातोहात देऊन टाकतो."

लाईनीचा अर्ज अच्युतरावांना ठाऊक होता. जुन्या रिसाल्यातल्या शिपायांच्या चाळी सरकार खाली करवत होतं. बावीस घरं. त्यातल्या निम्म्या घरांत आता बायकाच होत्या. अर्जाचा मसुदा अच्युतरावांनीच करून दिला होता, आणि तीन कचेऱ्यांतून तो तीनदा हरवला होता.

"हा सोबतचा कागद काय ते मला दिसत नाही. चष्म्याची एक काच गेली," उदयसिंहांनी छापील पर्चा पुढे केला. "काय घालून यायचं ते तू सांग."

"तुम्हाला कशाला कागद, काका," अच्युतराव म्हणाले. "तुमचा नेहमीचा दरबारी पोशाख."

"अंगरखा काढायला सांगतो सखूला. पेटीत आहे. बिल्लाही लावू ना? लढाईतला?"

"लावा की."

म्हातारा चहा पिऊन गेला. गल्लीच्या टोकापर्यंत ती लाल पगडी दिसत राहिली, आणि तिच्याकडे बघता बघता अच्युतराव एकदम उठून आत गेले. त्यांनी टेबलावरचा पर्चा उचलून नववं कलम वाचलं. मग परत वाचलं.

पद्मजाबाईंना त्यांनी सांगितलं. त्या खोकल्याची उबळ आवरून म्हणाल्या, "मग साहेबांना सांगून टाका ना सरळ. पगडीचं सोडून बाकीचं, असं लिहा म्हणावं. त्यात काय मोठी बात आहे?"

"सोमवारी सांगतो."

सोमवारी ते केबिनमध्ये गेले. माथुर साहेबांसमोर यादी उघडी होती आणि हातात लाल पेन्सिल. "बोलिए," ते मान वर न करता म्हणाले. अच्युतरावांना त्या कागदावर उलट्या बाजूने आपलं नाव दिसलं. नावापुढचा रकाना अजून कोरा होता. आपण लिहिलेलं, आपण सख्त केलेलं, साहेबांनी वाखाणलेलं, पाचशे प्रती छापून वाटलेलं कलम चुकीचं आहे, असं या घटकेला म्हणायचं होतं.

"काही नाही, सर. खुर्च्या आल्यात, तेवढं सांगायचं होतं."

बाहेर येऊन त्यांनी स्वतःची समजूत घातली. रिसालदारांना कोण अडवणार? फाटकावर तर मीच उभा असणार.

पार्टीच्या दिवशी वैशाखाचं ऊन पाच वाजतासुद्धा खाली उतरायला तयार नव्हतं. निघताना पद्मजाबाई म्हणाल्या, "अहो, टोपी खिशात काय घालताय?"

"आज तिथे चालत नाही."

"तुम्हाला पण?"

त्यांनी टोपीची घडी कोटाच्या खिशात सारली.

छावणीतल्या सरकारी बंगल्याच्या बागेला दोन फाटकं. मोठं फाटक मोटारींचं, आणि बाजूचं छोटं, पायी किंवा टांग्याने येणाऱ्यांचं. छोट्या फाटकावर अच्युतराव यादी आणि पर्चा घेऊन उभे होते. शेजारी एक लांब टेबल, त्यावर जमा झालेल्या हॅटी, टोप्या, काठ्या, आणि पितळी बिल्ले घेऊन बसलेला चपराशी. मोटारींच्या फाटकावर कुणीच पर्चा धरून उभं नव्हतं. तिथून पांढऱ्या टोप्या घातलेले मंत्री आत गेले, दोन जहागीरदार केशरी साफ्यांसकट आत गेले. अच्युतरावांना ते दिसलं. त्यांनी नजर वळवली.

छोट्या फाटकातून उकडलेले लोक येत होते. लोकरीच्या सुटांना डांबराच्या गोळ्यांचा वास, त्यावर अत्तर, त्याखाली घाम. एकाच्या टायची गाठ छातीवर आली होती. एक बाईसाहेब अच्युतरावांना कानात विचारून गेल्या की स्टोल म्हणजे शालच ना, मग एवढ्या उन्हात ती घ्यायचीच का. घ्यायचीच, ते म्हणाले. पर्चा वाचून सगळे तसे बरोबर आले होते, आणि बरोबर आलेले ते लोक मागच्या वर्षीच्या लोकांहून अच्युतरावांना जास्त किळसवाणे वाटले. मागच्या वर्षीचे निदान स्वतःच्या कपड्यांत होते.

चंपालाल शेठ आले. अंगात बँडवाल्याचाच निळा कोट होता. खांद्यावरची झालर उसवून काढलेली, पण टाक्यांची भोकं तशीच राहिलेली. आणि त्या सगळ्यावर त्यांची रोजची पिवळी पगडी.

"शेठजी, ती काढा," अच्युतराव म्हणाले.

"कंई?"

"पगडी. नियम नऊ. टेबलावर द्या, बिल्ला घ्या."

शेठजींच्या तोंडात त्या दिवशी पान नव्हतं. ते खालच्या आवाजात म्हणाले, "पागनीसजी, सब के सामने? म्हारे बाप ने बांधी थी म्हारे माथे."

"नियम सगळ्यांना सारखा आहे, शेठजी."

असं म्हणताना अच्युतरावांना बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. कार्डावरचा तो लाल थेंब त्यांना आठवला होता. शेठजींनी इकडेतिकडे पाहिलं, मग मान खाली घालून पगडी उतरवली. आतलं डोकं लहानसं, घामेजलेलं होतं. चपराशाने पगडी दोन सोला हॅटींच्या मध्ये ठेवली आणि चौदा नंबरचा बिल्ला त्यांच्या हातात दिला. शेठजी आत गेले नाहीत. फाटकाच्या आत चार पावलांवर, टक्कल रुमालाने झाकून, तिथेच उभे राहिले.

आणि तेवढ्यात टांग्यातून रिसालदार उतरले.

पांढरा अंगरखा, कमरेला जरीचा शेला, छातीवर एक बिल्ला, पायात कडक वाजणारे जोडे, डोक्यावर लाल पगडी. काठी त्यांनी आज घरीच ठेवली होती. हातात अर्जाची गुंडाळी. त्या सगळ्या संध्याकाळी कुणी जर नीट कपडे घालून आलं असेल तर तो एवढाच माणूस. अच्युतराव पुढे झाले, वाकले, आणि म्हणाले, "या काका. असे सरळ आत चला."

"क्यों साहब?" मागून शेठजींचा आवाज आला. "म्हारी उतरवई, तो इनकी क्यों नी?"

आवाज चढा नव्हता. पण माथुर साहेब आतल्या बाजूने त्याच वेळी फाटकाकडे येत होते, आणि त्यांनी ऐकलं. मागे पाचसहा सूटवाले थांबले होते. त्यांनीही ऐकलं.

"क्या बात है, पागनीस?"

"सर, हे रिसालदार मोहिते. पेश व्हायच्या यादीत आहेत."

"पोशाक ठीक है. नॅशनल ड्रेस में चल जाएगा." साहेबांची नजर वर गेली, मग शेठजींकडे, मग मागच्या लोकांकडे. "पर सर पर तो... पर्चे में क्या लिखा है?"

अच्युतरावांनी हातातला पर्चा पाहिला. वाचायची गरज नव्हती. "सर, पगडीचं तसं नाही," ते म्हणाले. "आमच्याकडे पगडी..."

"आपने ही लिखा है ना? एक की उतरवा दी, दूसरे की नहीं? कल यही बात दिल्ली तक जाएगी." आणि मग जरा नरम होऊन, "बोलिए. नियम में पगड़ी चलती है?"

हो म्हणायला एक श्वास लागला असता. चुकलं माझं, कलम चुकलं, शेठजींचीही परत देतो, असं म्हणायला दोन. अच्युतरावांना समोर लाल पेन्सिल दिसत होती, आणि पद्मजाबाईंचा खोकला ऐकू येत होता.

"नाही, सर," ते म्हणाले.

साहेब आत गेले. उदयसिंहांनी हे सगळं शांतपणे ऐकलं होतं. हिंदी त्यांना चांगली येत होती.

"अच्युता, हा कायदा कुणी केला?"

"मीच लिहिलाय, काका."

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर अच्युतरावांना सोसलं असतं.

"तू लिहिलायस, तर बरोबरच असेल," उदयसिंह म्हणाले.

त्यांनी हातातली गुंडाळी काखेत धरली आणि दोन्ही हातांनी पगडी उतरवली. खाली पांढरे विरळ केस चिकटून बसले होते, आणि कपाळावर पन्नास वर्षांचा वळ होता. वळाच्या वरची कातडी लहान मुलासारखी पांढरी होती. तिला ऊन लागलंच नव्हतं कधी.

"ही त्या टेबलावर नको ठेवूस," ते म्हणाले. "हातात धर. बावीस घरांचं काम आहे, नाहीतर मी इथूनच वळलो असतो."

अच्युतरावांनी दोन्ही हात पुढे केले.

तास-सव्वा तास ते तसेच उभे राहिले. पगडी हलकी होती, त्यांना वाटलं होतं त्याहून पुष्कळ हलकी. आतून तेलाने आणि घामाने काळी झालेली. चपराशी दोनदा म्हणाला, "लाओ भिया, इधर रख दो, बिल्ला लगा देता हूं." त्यांनी मान हलवली. यादी आणि पर्चा त्यांनी केव्हा खाली टाकला ते त्यांना कळलं नाही. टेबलावर शेठजींची पिवळी पगडी हॅटींच्या मध्ये कलंडली होती. ती सरळ करावी असं त्यांना वाटलं, पण हात मोकळे नव्हते.

आतलं सगळं फाटकावरून दिसत होतं. फौजी लोक रांगेत उभे राहिले. दिल्लीचे मुख्य पाहुणे एकेकासमोर थांबत आले. त्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी होती. ते उदयसिंहांसमोर आले तेव्हा म्हाताऱ्याची टाच टाचेवर आदळली, उजवा हात सलामीसाठी वर उठला, आणि छातीपाशीच थांबला. उघड्या डोक्याने फौजी सलाम करत नाहीत. उठलेल्या हाताचं काय करावं हे त्यांना घटकाभर सुचलं नाही. मग त्यांनी दोन्ही हात जोडले.

अर्ज पाहुण्यांनी हसून घेतला आणि न उघडता मागे दिला. मागच्याने माथुर साहेबांना दिला. साहेबांनी तो चहाच्या टेबलावर ठेवला, आणि एका सूटवाल्याने त्याच्यावर आपली खरकटी बशी ठेवली.

पार्टी मोडताना साहेब फाटकाशी आले. चेहरा खुलला होता. "बहुत बढ़िया रहा, पागनीस. एक भी शिकायत नहीं. आपका नाम मैंने इंदौर में कर दिया है. पक्का." आणि त्यांनी अच्युतरावांच्या खांद्यावर थाप मारली. अच्युतरावांना वाटलं, आता आपल्याला इथेच, या साहेबाच्या बुटांवर, ओकारी होणार. पण त्यांच्या तोंडून "थँक्यू, सर" असंच निघालं. आपल्या आवाजाची इतकी शिसारी त्यांना जन्मात कधी आली नव्हती.

शेठजी बिल्ला देऊन आपली पगडी घ्यायला आले. त्यांनी ती हातात घेतली, धूळ झटकली, पण डोक्यावर ठेवली नाही. जाताना अच्युतरावांकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मग उदयसिंह आले.

"काका," अच्युतराव पगडी पुढे करून म्हणाले.

"आता नाही. उतरवलेली पगडी आंघोळ केल्याशिवाय डोक्यावर घेत नाहीत. ठाऊक आहे ना तुला?"

ठाऊक होतं. स्मशानातून आल्यावर तसंच करतात.

"तू घेऊन चल मागून," म्हातारा म्हणाला. "टांगा नको. चालत जातो."

छावणीतून सियागंज, सियागंजातून राजवाडा. पुढे अंगरख्यातला, उघड्या डोक्याचा रिसालदार, आणि दहा पावलं मागे अच्युतराव, तेही उघड्या डोक्याचे, दोन्ही हातांवर लाल पगडी धरून. काळी टोपी खिशातच राहिली होती. ती काढून घालायची तर पगडी कुठे ठेवायची? दिवेलागण होत होती. सियागंजात एक किराणावाला गल्ल्यावरून उठून उभा राहिला. एका सायकलवाल्याने पाय टेकला. राजवाड्यासमोर फुलं विकणाऱ्या बाईने पाटी बाजूला ओढून वाट दिली, आणि एक जुना मराठा जमादार, जो दोघांनाही ओळखत नव्हता, डोक्यावरचं पागोटं सावरत अच्युतरावांजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "कोण गेलं, भिया? घरचंच का?"

अच्युतरावांनी नुसतीच मान हलवली. हो, अशी.

जमादार शंभर पावलं त्यांच्याबरोबर चालला, आणि मग हात जोडून मागे वळला.

जुन्या रिसाल्याच्या लाईनीत सातव्या घराच्या दारात सखुबाई उभ्या होत्या. पाव्हण्यांनी काय सांगितलं ते ऐकायला शेजारच्या चार बायकाही येऊन बसल्या होत्या. नवऱ्याला तसं येताना पाहून सखुबाईंचा हात पदराकडे गेला. त्यांनी मागे अच्युतरावांच्या हातांकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या डोक्याकडे.

"कागद दिला," उदयसिंह बाहेरच थांबून म्हणाले. "वाचतील म्हणे."

बायका उठल्या आणि आपापल्या घरात गेल्या. बावीसपैकी चार दारं लागल्याचं अच्युतरावांनी ऐकलं.

सखुबाई आत गेल्या. चुलीवरचं पाणी त्यांनी बादलीत ओतलं, बादली बाहेर ओट्यावर आणून ठेवली, आणि अंगणातल्या कडुलिंबाचा डहाळा मोडून एका ताटलीत पानं काढली. उदयसिंहांनी अंगरखा काढून दोरीवर टाकला, बिल्ला तसाच त्यावर लटकत राहिला, आणि ते दगडावर बसून डोक्यावर पाणी ओतू लागले.

अच्युतराव अंगणात उभे होते. पगडी कुठे ठेवायची ते त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं. घरी पद्मजाबाई वाट पाहत असतील, त्यांना सांगायला इंदूरची बातमी होती, आणि ती कशी सांगायची तेही त्यांना सुचत नव्हतं.

सखुबाई परत बाहेर आल्या. त्यांच्या हातात दुसरी बादली होती. ती त्यांनी पहिलीच्या शेजारी ठेवली, तांब्या वर पालथा घातला, आणि पगडी घेण्यासाठी हात पुढे केले.

"आण ती इकडे," त्या म्हणाल्या. "तू पण अंगावर पाणी घे, बाळ. मगच घरी जा."